सरकारी खरेदी आणि देशी माल : आमच्या कारीगराचा हिस्सा

सरकार हे देशातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहे. शाळेच्या गणवेशापासून इस्पितळाच्या चादरीपर्यंत आणि पोलिसांच्या बुटांपासून तहसील कचेरीतल्या खुर्चीपर्यंत सारे काही कोणाकडून तरी विकतच घेतले जाते. असे असूनही आमच्या व्यापारी बांधवांपैकी किती जणांनी आजवर एखादी निविदा शेवटपर्यंत वाचली आहे, असे विचारले तर उत्तर समाधानकारक येत नाही. "वो बड़े लोगों का काम है, अपना नहीं" एवढे म्हणून विषय संपतो. अडत, उधारी, भाव यांत आम्ही कोणालाही हार जात नाही, पण कचेरीच्या फलकावर लावलेला कागद दिसला की आम्ही रस्ता बदलतो.

मुळशी तालुक्याचेच उदाहरण घेऊ. पौड, पिरंगुट, घोटावडे या बाजारांत कापड, शिवणकाम, गाद्या-रजया, लोखंडी कपाटे, चपला असे धंदे चालतात. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान याच तालुक्यात आहे, पिरंगुटला कारखाने आहेत आणि त्यांच्याकडे आमची नजर लागलेली असते. मात्र वाडीवस्तीवरील जिल्हा परिषदेच्या शाळा, ग्रामपंचायती, अंगणवाड्या, पंचायत समिती, पौडचे ग्रामीण रुग्णालय हीसुद्धा गिऱ्हाइकेच आहेत, हे आमच्या हिशेबात येत नाही. हे गिऱ्हाईक दरवर्षी खरेदी करते आणि करणारच. प्रश्न एवढाच की तो पैसा तालुक्यातल्या कारीगराच्या हातात जातो, की परराज्यातल्या एखाद्या गोदामात, की थेट परदेशात.

सरकारने देशी मालच घ्यावा ही मागणी जुनी आहे. इंग्रजी अमलात सरकारी खात्यांना लागणारा बराचसा माल लंडनच्या इंडिया ऑफिसमार्फत खरेदी होत असे. कर येथल्या रयतेचा आणि ऑर्डर तेथल्या कारखान्याला. याविरुद्ध बरीच ओरड झाल्यावर १९२२ साली इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट स्थापन झाले आणि सरकारी खरेदीचा काही भाग हिंदुस्थानात होऊ लागला. त्याआधी पुण्याच्या सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी, हातसुताचे कपडे घालून १८७७ च्या दिल्ली दरबारात हजेरी लावली होती. मौलाना हसरत मोहानींनी अलीगढला स्वदेशी मालाचे दुकान घातले होते, हे आमच्या उर्दू शाळांतून शिकलेल्यांना ठाऊक असेल. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला परदेशी कापडाची होळी झाली ती उमर सोबानी यांच्या एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात. ते स्वतः गिरणीमालक, कापडाचे जाणकार. स्वदेशीच्या इतिहासात आमच्या बिरादरीचा वाटा कोठे आहे असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मुळशीचा या इतिहासाशी संबंध आहे आणि तो थोडा कडू आहे. येथील धरण टाटांनी बांधले ते वीज तयार करून मुंबईला व तेथल्या गिरण्यांना पुरवण्यासाठी. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, पण जमिनी पाण्याखाली गेल्याच. कंपनी देशी, गिरणी देशी, कापड देशी, आणि तरीही येथल्या शेतकऱ्याच्या पदरात काही पडले नाही. म्हणून देशी या शब्दाने सगळे प्रश्न सुटत नाहीत, असे आमचे मत आहे. देशी माल कोणी बनवला आणि त्याचा दाम कोणाच्या घरात गेला, हेही विचारले पाहिजे.

नियम काय सांगतो

केंद्र सरकारने १५ जून २०१७ रोजी सार्वजनिक खरेदीत मेक इन इंडियाला प्राधान्य देणारा आदेश काढला. त्यात पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या. १६ सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनुसार पुरवठादारांचे तीन वर्ग पडतात. ज्याच्या मालात ५० टक्के किंवा अधिक मूल्य देशातले तो पहिल्या वर्गाचा स्थानिक पुरवठादार. २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांच्या आतला तो दुसऱ्या वर्गाचा. २० टक्क्यांच्याही खाली असलेला बिगर-स्थानिक. २०० कोटी रुपयांच्या आतल्या खरेदीसाठी जागतिक निविदा काढायची नाही, असेही २०२० साली ठरले.

हे देशी मूल्य कसे मोजतात, ते उदाहरणाने पाहू. समजा, एका कारीगराने शाळेच्या दप्तराचा दर कर सोडून ४०० रुपये लावला. त्यातले कापड परदेशी, जकातीसह १३० रुपयांचे, आणि चेन परदेशी, २० रुपयांची. म्हणजे परदेशी भाग १५० आणि देशी भाग २५०. ४०० पैकी २५० म्हणजे साडेबासष्ट टक्के. हा कारीगर पहिल्या वर्गात बसला. आता त्याच दप्तराला परदेशी भाग २४० रुपयांचा लागला तर देशी भाग ४० टक्के राहतो आणि तो दुसऱ्या वर्गात घसरतो. परदेशी भाग ३३० वर गेला तर साडेसतरा टक्के, म्हणजे तो बाहेरच. येथे शिवणाचे मशीन कोठल्या देशाचे हे मोजत नाहीत, मालात काय गेले ते मोजतात. आमचे बरेच बांधव एका ठिकाणी फसतात. मुंबईच्या घाऊक बाजारातून रुपयांत, पक्क्या बिलावर कापड घेतले म्हणून ते देशी होत नाही. चीनचे कापड मस्जिद बंदरच्या दुकानातून घेतले तरी चीनचेच राहते. व्यापाऱ्याला विचारून, बिलावर लिहून घेतल्याखेरीज देशीपणाचे प्रमाणपत्र देऊ नये. खोटे प्रमाणपत्र दिल्यास दोन वर्षांपर्यंत सरकारी खरेदीतून बाद करतात, आणि अल्लाहपुढचा जाब वेगळाच.

दुसरा आणि आमच्या कारीगरांना अधिक जवळचा नियम सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या खरेदी धोरणाचा. हा आदेश २३ मार्च २०१२ चा. १ एप्रिल २०१५ पासून तो केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रमांवर बंधनकारक झाला. आधी वार्षिक खरेदीच्या २० टक्के माल सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घेणे आवश्यक होते. २०१८ च्या दुरुस्तीने ते प्रमाण २५ टक्के झाले. यातच अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि महिलांसाठी ३ टक्के राखीव आहेत. ३५८ वस्तू फक्त अशा उद्योगांकडूनच घ्यायच्या आहेत. बँडेजचे कापड, गॉझ, बूट, झाडू, कुलपे यांसारख्या वस्तू त्या यादीत येतात. निविदेचा संच विनामूल्य मिळतो आणि बयाणा रक्कम भरावी लागत नाही. ज्या छोट्या माणसाची भांडवलाअभावी पहिल्याच पायरीवर अडचण होते, त्याच्यासाठी ही सवलत लहान नाही.

हातमागवाल्या मोमीन बांधवांसाठी आणखी एक कलम आहे. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत १५३ क्रमांकाच्या नियमाखाली खादी राखीव आहे, आणि केंद्रीय खात्यांना लागणाऱ्या एकूण कापडापैकी किमान २० टक्के हातमागाचे असावे असे म्हटले आहे. विणकरांचे सहकारी संघ, बचत गटांचे महासंघ आणि पहचान कार्ड असलेले विणकर यांच्याकडून ते घेता येते. यंत्रमागाला हे लागू नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या बांधवांनी गैरसमज करून घेऊ नये.

प्राधान्य म्हणजे जास्त भाव नव्हे

या ठिकाणी फार घोटाळा होतो, म्हणून थोडे थांबून समजून घेऊ. देशी मालाला २० टक्के प्राधान्य आहे असे ऐकले की वाटते, सरकार आपल्याला २० टक्के जास्त भाव देणार. तसे मुळीच नाही.

समजा, १०,००० मीटर कापड हवे आहे. सर्वांत कमी दर १०० रुपये मीटर असा आला, पण तो बोलणारा पहिल्या वर्गातला नाही. पहिल्या वर्गातल्या आमच्या माणसाने ११६ बोलले. हे अंतर २० टक्क्यांच्या आत आहे. माल विभागून घेता येण्याजोगा असेल तर निम्मे, म्हणजे ५,००० मीटर, कमी दरवाल्याला मिळतील. उरलेल्या निम्म्यासाठी आमच्या माणसाला विचारतील, की तू १०० रुपयांना देतोस का? हो म्हटले तर ५,००० मीटरची ऑर्डर त्याची. नाही म्हटले तर पुढच्या पात्र माणसाला विचारतील. सूक्ष्म व लघु उद्योगांचेही तत्त्व हेच, फक्त तेथे अंतर १५ टक्क्यांच्या आत हवे आणि हिस्सा २५ टक्क्यांचा. म्हणजे ११२ बोलणाऱ्या छोट्या कारखानदाराने १०० ला यायची तयारी दाखवली तर २,५०० मीटर त्याचे.

सरकार एक रुपयाही जादा देत नाही. देते ती फक्त दुसरी संधी. म्हणून जो माणूस ११६ बोलताना आपला खरा खर्च ९४ आहे की ९९ हे जाणत नाही, त्याच्या दृष्टीने ही सवलत असून नसल्यासारखी. हुरूपात १०० ला हो म्हणायचे आणि मग सूत हलके घालायचे, पन्हा अर्धा इंच कमी करायचा, हा मार्ग काही लोक धरतात. सूरह मुतफ्फिफीन मापात कमी देणाऱ्यांबद्दलच आहे. गिऱ्हाईक सरकार असले म्हणून माप बदलत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची आणि आम्हा दुकानदारांना न रुचणारी बाब. या सवलती उत्पादक आणि सेवा देणाऱ्यासाठी आहेत, व्यापाऱ्यासाठी नाहीत. जुलै २०२१ पासून घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी करता येते हे खरे, परंतु ती बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती. तिच्या आधारे बयाण्याची माफी किंवा १५ टक्क्यांचे प्राधान्य मागता येत नाही. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी विनामूल्य आहे. बाजारात तिचे पैसे मागणारे दलाल भेटतात, त्यांना एक पैसाही देऊ नये.

यावर काही हुशार लोकांनी तोड काढली आहे. कोण्या गरीब शिंप्याच्या नावाने नोंदणी करायची, माल भलतीकडून तयार आणायचा आणि शिंप्याला सहीपुरते पाचशे-हजार द्यायचे. आम्ही याला तिजारत म्हणत नाही, ही धोकेबाजी आहे. सरळ मार्ग उपलब्ध आहे. आमच्याकडे भांडवल व बाजाराची माहिती आहे, कारीगराकडे हात आहेत. शरीअतमध्ये मुदारबत आणि मुशारकत या भागीदाऱ्या याचसाठी आहेत. उद्योग कारीगरांचा, शिवण त्यांच्या छपराखाली, कापडाचे भांडवल आमचे आणि नफ्याची वाटणी आधीच लिहून ठेवलेली. कायदाही राहतो आणि रोजीही हलाल राहते. पौड-पिरंगुट भागात चार-पाच शिंपी एकत्र येऊन असे करू शकतील.

गणवेशाचा धडा

नियम कागदावर आणि व्यवहार जमिनीवर. महाराष्ट्रात हे अंतर किती असते, ते गणवेशाच्या प्रकरणाने दाखवले. समग्र शिक्षा योजनेत पहिली ते आठवीच्या मुलांना दोन गणवेश मोफत मिळतात, एका गणवेशाला ३०० रुपये या हिशेबाने. पूर्वी हा पैसा शाळा व्यवस्थापन समितीकडे येई आणि समिती जवळच्या दुकानातून कापड घेऊन जवळच्या शिंप्याकडून शिवून घेई. भाव फार चांगला नव्हता, पण जून-जुलैत गावोगावच्या शिवणयंत्रांना काम असे.

२०२३ साली तत्कालीन शिक्षणमंत्र्यांनी "एक राज्य, एक गणवेश" जाहीर केला आणि २०२४-२५ मध्ये तो पूर्णपणे अमलात आला. आकाशी शर्ट, गडद निळी पँट, साऱ्या राज्यात एकच. कापडाची खरेदी राज्यस्तरावर एका निविदेने झाली. एक गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांनी शिवायचा, दुसऱ्या स्काऊट-गाईडच्या गणवेशाचे कापड शाळेला द्यायचे आणि तो समितीने स्थानिक पातळीवर शिवून घ्यायचा, असे ठरले. त्यासाठी शिलाई १०० रुपये आणि अनुषंगिक खर्च १० रुपये.

हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. मोठ्या प्रमाणात घेतले तर कापड स्वस्त पडते, हे कोणताही व्यापारी मान्य करील. बचत गटांतील बायकांना काम मिळावे, हीही चांगली गोष्ट. पण पुढे काय झाले? शाळा जूनमध्ये उघडल्या आणि गणवेशाचा पत्ता नव्हता. स्वातंत्र्यदिनालाही अनेक ठिकाणी मुले जुन्याच कपड्यांत झेंड्यापुढे उभी राहिली. जे आले त्यात मापे चुकलेली, शिवण उसवलेली, अशा तक्रारी राज्यभर झाल्या. १०० रुपयांत पँट-शर्ट शिवायला शिंपी तयार होईना. कापड कापणाऱ्या माणसाने मुलगा पाहिलेला नसतो, शिवणाऱ्या बाईने शाळा पाहिलेली नसते. दहा वर्षांचा मावळातला मुलगा आणि दहा वर्षांचा मुंबईतला मुलगा एका मापाचे असतात, असे कोणी ठरवले असेल तर तो कधी कापडाच्या गादीवर बसलेला नसावा.

अखेर २० डिसेंबर २०२४ रोजी शासनाने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला.

यातून आमच्या अभ्यासाला काय मिळते ते पाहू. २०२४ चे कापड देशी नव्हते असे कोणी म्हटले नाही. देशी खरेदीची अट मोडली गेली नव्हती. मोडले ते खरेदीचे आकारमान. साऱ्या राज्याची एक निविदा काढली की कोट्यवधींची उलाढाल आणि मोठ्या पुरवठ्याचा पूर्वानुभव मागावा लागतो. पौडच्या दुकानदाराला, घोटावड्याच्या शिंप्याला त्या दारातून आत जाताच येत नाही. २५ टक्क्यांचा नियम, १५ टक्क्यांचे अंतर, सारे काही दाराच्या आत आहे. म्हणून सरकारने देशी माल घ्यावा एवढी मागणी पुरेशी नाही. निविदा जिल्ह्याच्या, शक्य तेथे तालुक्याच्या आकाराच्या असाव्यात, ही मागणी तिला जोडली पाहिजे. आमच्या व्यापारी संघटना विक्रीकराच्या काळापासून कराबद्दल निवेदने देत आल्या आहेत. निविदेच्या आकाराबद्दल मात्र त्यांची निवेदने आमच्या पाहण्यात फारशी आलेली नाहीत.

साडी, झेंडा आणि भरवशाचे गिऱ्हाईक

सरकार खात्रीचे गिऱ्हाईक झाले तर काय होते, त्याची उदाहरणे जवळपास आहेत. महाराष्ट्राच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात अंत्योदय शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला एक साडी देण्याची योजना आली. यंत्रमाग महामंडळामार्फत, यंत्रमागावर विणलेली, एका साडीला ३५५ रुपये, कुटुंबे सुमारे साडेचोवीस लाख. २०२४ च्या प्रजासत्ताक दिनापासून रेशन दुकानांतून वाटप सुरू झाले. मागाला काम मिळाले ही चांगली गोष्ट. पण त्याच वर्षी पालघर जिल्ह्यातील काही आदिवासी बायकांनी या साड्या सरकारी कचेरीत परत नेऊन दिल्या. साडी नको, काम द्या, असे त्यांचे म्हणणे होते. फुकट दिली तरी बाई कापड बोटांनी चाचपून पाहते. जो माल दुकानात कोणी उचलणार नाही तो सरकारी गोणीत भरून पाठवला, तर देशी मालाचीच बदनामी होते.

तेलंगणात सिरसिल्लाच्या यंत्रमागांना २०१७ पासून बतुकम्मा सणाच्या साड्यांची प्रचंड ऑर्डर मिळू लागली. तेथील पद्मशाली विणकरांचे नातलग आमच्या भिवंडी-सोलापुरात आहेत, म्हणून ही हकीकत आपल्याकडेही पोहोचली. पहिल्या वर्षी वेळ अपुरा पडला, बराच माल सुरतेहून आणावा लागला आणि बायकांनी दर्जावरून संताप व्यक्त केला. पुढे माल सुधारला, मागांना वर्षातले कित्येक महिने काम मिळू लागले. मग राज्यात सरकार बदलले, २०२४ मध्ये योजना बंद पडली आणि सिरसिल्लाचे माग थांबले. एकाच गिऱ्हाइकावर सगळी दुकानदारी उभी करणे किती धोक्याचे, ते यावरून कळते.

झेंड्याची गोष्ट त्याहून बोलकी. राष्ट्रध्वज हाताने कातलेल्या व विणलेल्या कापडाचाच हवा, असा ध्वजसंहितेचा नियम होता. आमच्या मराठवाड्यात नांदेडची खादी समिती आणि कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरीचा खादी संघ त्यावर चालत. ३० डिसेंबर २०२१ रोजी संहितेत दुरुस्ती होऊन यंत्राने बनवलेल्या आणि पॉलिएस्टरच्या झेंड्यालाही परवानगी मिळाली. २०२२ च्या "हर घर तिरंगा"त झेंडे कोट्यवधी खपले, पण खादीवाल्यांनी मात्र आंदोलन केले. एका ओळीच्या दुरुस्तीने एका कारीगराची बाजारपेठ दुसऱ्याकडे जाते.

घोषणेत घाई झाली तर काय होते, याचा किस्सा २०२० चा. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या कॅन्टीनमध्ये १ जूनपासून फक्त स्वदेशी माल विकला जाईल, असे गृहमंत्र्यांनी मे महिन्यात जाहीर केले. १ जूनला हजाराहून अधिक वस्तू काढून टाकल्याची यादी निघाली, तिच्यात येथेच माल बनवणाऱ्या नामांकित भारतीय कंपन्याही आल्या आणि यादी लगेच मागे घ्यावी लागली. देशी कोणाला म्हणायचे याची व्याख्या आधी आणि यादी नंतर, हा साधा क्रम पाळला नाही.

याच्या उलट त्याच वर्षी डॉक्टरांच्या संरक्षक पोशाखाचे झाले. मार्च २०२० पूर्वी हा पोशाख आपल्याकडे जवळजवळ बनत नव्हता. सरकारने खरेदीची हमी दिली, कापडाच्या चाचणीची व्यवस्था कोइम्बतूरच्या संशोधन संस्थेत केली, आणि मे महिन्यापर्यंत देशात रोज लाखो पोशाख शिवले जाऊ लागले. हमी, दर्जाची परीक्षा आणि शिवणारे हात, या तिन्ही गोष्टी जुळल्या की काम होते.

परदेशांचे काय?

देशी मालाला प्राधान्य देणे हा मागासलेपणा आहे, असे काही शिकलेले लोक म्हणतात. त्यांनी अमेरिकेकडे पाहावे. तेथे बाय अमेरिकन कायदा १९३३ पासून आहे. जागतिक व्यापाराच्या मूळ करारातच सरकारने स्वतःच्या वापरासाठी केलेल्या खरेदीला सवलत ठेवलेली आहे. सरकारी खरेदीचा जो वेगळा करार आहे त्यात भारत सदस्य नाही, २०१० पासून केवळ निरीक्षक आहे.

मात्र सवलतीला मर्यादा आहेत. सौर विजेच्या प्रकल्पांत देशी बनावटीच्या सौरघटांची अट आपण घातली, तेव्हा अमेरिकेने तक्रार केली आणि २०१६ मध्ये निकाल आपल्याविरुद्ध गेला. कारण सरकार विकत घेत होते वीज, आणि अट मात्र सौरघटांवर होती. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात सरकारी खरेदीचे प्रकरण आहे आणि केंद्राच्या मोठ्या रकमेच्या काही निविदा ब्रिटिश कंपन्यांना खुल्या करण्याचे त्यात मान्य झाले आहे. छोट्या खरेदीला त्याने धक्का बसू नये, पण हे दार हळूहळू उघडत आहे, याकडे लक्ष असावे.

आता व्यवहाराचे

केंद्राचे जुने पुरवठा महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाले. त्याची जागा ९ ऑगस्ट २०१६ ला सुरू झालेल्या जेम या संगणकीय बाजाराने घेतली. लहान रकमेची खरेदी तेथे थेट होते, त्याहून मोठी किमान तीन विक्रेत्यांच्या तुलनेने, आणि त्याहून मोठी बोलीने. रकमेच्या मर्यादा वेळोवेळी बदलतात, त्या तेथेच पाहाव्यात. राज्याच्या कार्यालयांसाठी १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाची खरेदी नियमपुस्तिका आहे, ती मराठीत आहे. प्रत्येकाने निदान एकदा ती वाचावी. आपल्या घरातली मुले आता संगणक जाणतात, त्यांना बरोबर बसवावे.

पैसे अडकतात, ही आमच्या लोकांची खरी भीती आहे आणि ती निराधार नाही. आम्ही स्वतः एका कार्यालयाला दिलेल्या चादरींच्या बिलासाठी चौदा महिने खेटे घातले आहेत. कायदा मात्र कारीगराच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. तक्रारीसाठी सुविधा परिषद आहे, पुणे विभागातही आहे. ज्यांना व्याज घ्यायचे नाही त्यांनी त्या रकमेबद्दल आपल्या आलिमांचा सल्ला घ्यावा, परंतु मुद्दल मागण्याचा हक्क सोडण्याचे कारण नाही. मात्र हा आधारही उत्पादकाला व सेवा देणाऱ्याला आहे, निव्वळ व्यापाऱ्याला नाही. दुसरे असे की पुरवठा आदेश लेखी असावा, माल पोचल्याची सही-शिक्क्याची पावती तारखेसह घ्यावी. देण्याघेण्याचा करार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या सर्वांत दीर्घ आयतीत आहे. तो हुकूम आम्ही वाचतो खूप आणि पाळतो कमी. "साहेब ओळखीचे आहेत" हे काही कागदाचे काम करीत नाही. साहेबांची बदली होते.

गणवेशाबाबत आता मुळशीतल्या बांधवांनी काय करावे? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आमच्यापैकी जे पालक आहेत त्यांनी बैठकीला जावे, पण स्वतःच सदस्य असताना स्वतःचेच कापड विकू नये. एकाने हे केले तर चार गावांत बोलबाला होतो आणि नुकसान सगळ्यांचे होते. ३०० रुपयांत गणवेश बसवायचा तर हिशेब मांडूनच बसावे लागेल. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या शर्टाला ३६ इंची पन्ह्याचे साधारण दीड मीटर, पँटीला त्याहून जाड कापड, मग बटणे, चेन, अस्तर, दोरा, आणि शिंप्याची मजुरी. यातले मजुरीचे कलम शेवटी उरेल ते नव्हे, तर सर्वांत आधी वेगळे काढावे. २०२४ ची योजना नेमकी याच कलमावर बसली. दोन-तीन शाळांचे काम एकत्र घेतल्यास ठोक भावात कापड मिळते आणि कापणीतले तुकडे लहान मापांना लावता येतात.

पावसात ताम्हिणीकडच्या वाड्यांवर कापड पोचवणे कठीण असते. शाळा जूनच्या मध्यास उघडतात, म्हणून मापे मार्चमध्येच, वार्षिक परीक्षेपूर्वी मुले शाळेत असताना घ्यावीत आणि वाढत्या अंगाला दोन इंच सोडावेत. कापडाचा नमुना धुऊन, आटतो किती ते पाहून, त्यावर मीटरचा दर लिहून एप्रिलच्या बैठकीपूर्वी मुख्याध्यापकांकडे सही घेऊन द्यावा, आणि तशाच कापडाचा एक तुकडा आपल्या दुकानात जपून ठेवावा.